रत्नागिरीच्या समुद्रकाठी

फिरावयास जाणे आणि चालावयास जाणे ही दोन्ही आम्हांस पूर्वी एकच वाटत असत. अलीकडे ती निराळी झाली आहेत. मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधून, पावलांचा हिशेब ठेवीत, घामाघूम झालेली माणसे मांडवीच्या रस्त्याने आमच्या शेजारून झपाट्याने निघून जातात. आज समुद्राचा रंग कसा होता, असे त्यांस विचारले तर बहुधा सांगता यावयाचे नाही. त्यांच्या आरोग्यचिंतेबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी नाही. ज्या घरात शनिवारी दुपारचा चहा झाल्यावर कोणी तरी 'चला, समुद्रावर जाऊन येऊ' असे म्हणतो, आणि मग चपला शोधण्यात, मुलांची डोकी विंचरण्यात व आजीचे गुडघे आज काय म्हणतात याची चौकशी करण्यात अर्धा तास निघून जातो, त्या घरासाठी हा लेख आहे.

रत्नागिरीस फिरणाऱ्याची चैन अशी की, समुद्र येथे एका बाजूस नसून निरनिराळ्या तोंडांनी भेटतो. दक्षिणेस भाट्याची खाडी व तिच्या पलीकडील पुळण, पश्चिमेस मांडवी, वायव्येस रत्नदुर्ग आणि उत्तरेस मिऱ्याचा किनारा. तेव्हा कोणत्या दिवशी कोठे जावे, हा प्रश्न उरतो. आणि तो आम्ही पंचांगाच्या साहाय्याने सोडवितो. कोकणातील जुन्या माणसांस ठाऊक असलेला नियम असा की, तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितके वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी, व ओहोटी दोहोंच्या मध्ये. हिशेब ठोकळ खरा, पण अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने तो आम्हांस कधी फसला नाही. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी वर चढलेले असते, तेव्हा उंचावर जावे. पौर्णिमा-अमावास्येस उधाणाची ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते, तेव्हा पुळणीवर उतरावे. संस्कृतात 'वेला' हा शब्द भरतीस, किनाऱ्यास आणि समयास असा तिहींस लागतो, याचे मर्म वर्गात शिकविताना आम्हांस कधी कळले नाही. ते पंचांग हाती घेऊन समुद्रावर जाऊ लागल्यावर कळले.

मांडवीस जावयाचे ते धक्क्यासाठी. आमच्या लहानपणी मुंबईची बोट समुद्रात दूर उभी राहत असे, आणि उतारू मचव्यांतून धक्क्यावर येत. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या आणि बोट लागून पांढरे पडलेले चेहरे, असा तो थाट असे. पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवल्यावर पुन्हा सुरू. मुंबईस गेलेला मुलगा चातुर्मासात घरी यावयाचा नाही, हे आयांनी धरूनच चालावे. पुढे रस्ते सुधारले, बोटी थांबल्या, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे अखंड सुरू झाली, आणि धक्का केवळ हवा खाण्यापुरता उरला. तेथील भेळ आम्ही खात नाही. नातवंडे खातात व आम्ही पाहतो.

या किनाऱ्याची वाळू काळी आहे. मिऱ्याकडील वाळू पांढरी, म्हणून गावात 'काळा समुद्र' व 'पांढरा समुद्र' अशीच नावे रूढ झाली. काळेपणाचे कारण मळ नव्हे. इल्मेनाइट नावाचे लोखंड व टायटॅनियम यांचे खनिज येथील वाळूत आहे. ते जड असल्यामुळे लाट परतताना हलके कण ओढून नेते व हे मागे राहतात. शाळेत असताना आम्ही ही वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवीत असू. वाळूतील लोहखनिजाचे काही कण उभे राहून चालू लागत, आणि मागच्या बाकावरील मुलेही पुढे येत. परवा नातवाने तोच प्रयोग घरी केला व बैठकीच्या सतरंजीत इतकी वाळू घातली की, आमच्या सूनबाईंनी दोघांसही सारखेच बोल लावले.

रत्नदुर्गाविषयी थोडक्यात आटोपतो, कारण तेथे पाहुणे आले म्हणजे सर्वच जण जातात. किल्ला घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी समुद्र. मूळ बहामनी काळचा, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आहे व एका टोकावर दीपगृह. देवीस नमस्कार करून तटावर बसावे. काळा व पांढरा हे दोन्ही समुद्र एका दृष्टिक्षेपात दिसतात. खाली मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीच्या होड्या एकमेकींस खेटून उभ्या असतात. वारा तिकडून असला तर आमच्यासारख्या शाकाहारी माणसाने नाकास रुमाल न लावता पाच मिनिटे बसून दाखवावे, सवय होते.

परंतु आमचे आवडते स्थान म्हणजे थिबा राजवाड्याजवळील कडा. तेथून खाली राजिवडा, भाट्याची खाडी, तीवरील पूल आणि पलीकडे सुरूच्या बनाची हिरवी रेघ दिसते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले येथे पदच्युत केले, प्रथम मद्रासेस व तेथून १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे. कित्येक वर्षे तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला. लाल राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा निवर्तला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासात राजवाडा लाभला तो सहा वर्षे. तो दुर्बिणीतून समुद्रावरील बोटी न्याहाळीत बसे, असे येथील जुनी माणसे सांगत आली आहेत. १९१९ मध्ये राणी सुपायालत मुलींसह ब्रह्मदेशास परतली. राजाची समाधी मात्र येथेच राहिली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले, तेव्हा गावातील पुष्कळांस या समाधीची आठवण झाली.

आता याच गावातील टिळक आळीत चला. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म तेथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृताचे जाणकार. १८६६ मध्ये बदलीमुळे कुटुंब पुण्यास गेले. १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा होऊन लोकमान्यांस सहा वर्षांसाठी पाठविले ते मंडाल्यास! तेथील तुरुंग किल्ल्यात, आणि तो किल्ला थिबाच्या राजधानीचा. १९१०-११ च्या हिवाळ्यात रत्नागिरीचा पुत्र मंडाल्यास गीतारहस्य लिहीत होता, आणि मंडाल्याचा राजा रत्नागिरीस नुकताच नव्या वाड्यात राहावयास आला होता. सरकारने दोघांची अदलाबदल केली, असेच म्हणावे लागते. दोन्ही स्थळे एकाच संध्याकाळी पायी पाहता येतात; मुलांस ही गोष्ट वाटेत सांगावी, घरी पुस्तक उघडून सांगू नये. वाट थोडी वाकडी करण्याची तयारी असेल तर पतितपावन मंदिरही पाहून घ्यावे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध असताना, भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने ते १९३१ मध्ये उभे राहिले. तसेच १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय. पण तेथे शिरल्यास समुद्र त्या दिवसापुरता राहिला असे समजावे. आमचे तसे अनेकदा झाले आहे.

भाट्याची पुळण सुमारे दीड किलोमीटर लांब आहे. एका टोकास खाडीचे मुख व दुसऱ्या टोकास डोंगराच्या पायथ्याशी झरीविनायक. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर लहान लहान खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतात. आमचा नातू त्यास रांगोळी म्हणतो. पाऊल वाजताच सारे बिळात. येथे बोलणे आपोआप कमी होते.

आमच्याबरोबर या फेऱ्यांस बहुधा एक स्नेही असतात. सारे त्यांस नाना म्हणतात. आम्हीही तेच नाव येथे ठेवतो. हे नाना मूळचे मिऱ्याकडील, पंधरामाडचे. त्या भागाच्या नावात पंधरा माड आहेत. नानांच्या वाडीत त्याहून पुष्कळ अधिक होते. समुद्र तेथे वर्षानुवर्षे जमीन खात आला आहे. प्रथम पुळण गेली, मग सुरू, मग माडांची पहिली रांग. दगडांचे बंधारे झाले. परंतु दगडाच्या भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीच्या पायाचीच वाळू उपसून नेते, आणि दगड खचतात. मग पुन्हा दगड. आठनऊ वर्षांपूर्वी नानांनी घर सोडले व ते गावात बिऱ्हाडास आले. तेव्हापासून आमच्या फेऱ्यांत मिऱ्या हे नाव कोणी काढीत नसे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यास लागले व पुढे बराच काळ तेथेच अडकून राहिले, तेव्हा ते पाहावयास झुंबड उडाली. आम्हीही एकदा जाऊन यावे असे सुचविले. नाना म्हणाले, "लोक जहाज पाहावयास जातात, मास्तर. आमची घरे जाताना कोणी आले नव्हते." आम्ही पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस शनिवार होता. आम्ही भाट्याच्या तयारीत. नाना दारात येऊन उभे राहिले. चपला काढल्या नाहीत.

"मास्तर, आज ओहोटी मोठी आहे. मिऱ्याकडे जाऊ."

"अहो नाना, ऊन आहे अजून. थोडे थांबू, चहा घ्या."

"चहा आल्यावर घेऊ. पाणी आपल्यासाठी थांबायचे नाही."

रिक्षा करून आम्ही दोघे व नातू बंधाऱ्यापर्यंत गेलो. दगडांवरून उतरणे आमच्या वयास शोभणारे नव्हते. नातवाने एकेकाचा हात धरून उतरविले. पाणी खरोखरच दूर गेले होते. नाना डावीउजवीकडे न पाहता सरळ चालत गेले आणि ओल्या वाळूत एके ठिकाणी थांबले. तेथे जांभ्या दगडाचे अर्धे वर्तुळ वाळूतून वर आले होते, शेवाळाने हिरवे झालेले. आम्हांस प्रथम खडक वाटला.

"आमची विहीर," नाना म्हणाले.

नातू वर्तुळाच्या कडेकडेने फिरला. "नाना आजोबा, हिचे पाणी खारट होते?"

"नाही रे. गोड. वैशाखातसुद्धा गोड. शेजारची माणसे घागरी घेऊन येत." मग त्यांनी पंचाने कपाळ पुसले व म्हणाले, "ओटीपासून विहीर चाळीस पावले होती. माझी लहानपणची पावले. आई म्हणायची, चाळीस पावलांत कळशी हिंदकळता कामा नये."

नातवाने विचारले, ओटी कोणत्या बाजूस? नानांनी बंधाऱ्याकडे हात केला. तो विहिरीशी पाठ करून मोजीत निघाला. एक, दोन, तीन, मोठ्याने. आम्ही दोघे मागून. बंधाऱ्याच्या दगडाशी येऊन त्याने सांगितले, सत्तावीस. पुढचे तेरा दगडाखाली. नाना काही वेळ त्या दगडाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे माजघर रस्त्याखाली आले असेल." हे त्यांनी अशा स्वरात सांगितले, जणू वर्गात भूमितीची आकृती पुरी झाली. आम्हांस मात्र उत्तर सुचले नाही. आम्ही फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांनी तो ठेवू दिला.

पाणी फिरले होते. पहिली लाट वर्तुळात शिरून बाहेर आली तेव्हा नातू धावत परत गेला व मूठभर वाळू खिशात घालून आला. पांढऱ्या समुद्राच्या वाळूस लोहचुंबक लागतो की नाही, हे त्यास पाहावयाचे होते. परतताना नानांनी वाटेत दोन पेले चहा घेतला, एरवी ते एकच घेतात. पुढील शनिवारी वद्य सप्तमी, भरती सव्वापाचची. तेव्हा किल्ल्यावर जावयाचे ठरले. अमावास्येच्या ओहोटीस मात्र मिऱ्याकडे जाऊ, असे नाना आपण होऊन म्हणाले, आणि एक फूटपट्टी बरोबर घ्या, असेही त्यांनी आम्हांस बजाविले.