बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ती 'घूंऽऽऽ'

बाबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आमच्या घरात माझ्यापेक्षा सीनियर आहे. गेल्या सुट्टीत मी त्यांच्या सगळ्या कॅसेट्स कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि आतल्या खोलीतून हॉलपर्यंत लांबलचक वायर ओढून कॉम्प्युटर त्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. यमनचा आलाप सुरू झाला आणि तानपुऱ्याच्या खालून आवाज आला, घूंऽऽऽ! बाबांनी दोन मिनिटं ऐकलं, "हा कोण गातोय रे मध्येच?" म्हणाले आणि उठून गेले. इलेक्ट्रॉनिक्सला असलेल्या मुलाचा याहून मोठा अपमान काय असणार!

दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडची लाइटच खराब आहे. पॉवर कंडिशनर लावा." किंमत ऐकून मी घरी आलो आणि पुस्तक उघडलं. (परीक्षेशिवाय पहिल्यांदाच.) असल्या डब्यात मुख्यतः फिल्टर असतो. तो हजारो-लाखो हर्ट्झचा कचरा अडवतो आणि ५० हर्ट्झ सुखाने पुढे सोडतो. नाहीतर यंत्र चालणारच कसं? मग ५० हर्ट्झचीच घूं तो काय अडवणार?

म्हणून आधी एक फुकटची टेस्ट करा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून इनपुटची वायर काढा आणि पुन्हा चालू करा. घूं गेली तर दोष बाहेर, राहिली तर पोटात. माझ्याकडे मोठी घूं गेली, पण बारीकशी एक मागे उरलीच. म्हणजे चोर दोन होते.

मोठा चोर म्हणजे ग्राउंड लूप. कॉम्प्युटरला एका खोलीतलं अर्थिंग, अ‍ॅम्प्लिफायरला दुसऱ्या खोलीतलं, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायरची शील्ड. झालं वर्तुळ पूर्ण! दोन अर्थांमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला तरी शील्डमधून करंट वाहतो आणि गाण्यात मिसळतो. सिग्नल १ व्होल्टचा आणि घूं १ मिलिव्होल्टची धरली, तर ती फक्त ६० डेसिबलने खाली. द्रुत तान चालू असताना कळणार नाही, आलापातल्या शांततेत मात्र कळतेच.

आता माझा पराक्रम ऐका. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारं दहा रुपयांचं सॉकेट मी कॉम्प्युटरला लावलं. अर्थ तुटला, लूप तुटला, घूं गायब! मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या दिवशी आईने झाडताना ऑडिओ वायर काढून ठेवली, ओल्या फडक्याने सीपीयूचा पत्रा पुसायला घेतला आणि किंचाळली. हाताला झिणझिण्या आल्या होत्या.

कारण असं. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्रा मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर करंट फक्त ०.३४ मिलिअँपिअर, त्यामुळे निभावलं. पण आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली असती तर? फ्यूज उडवायला वाटच मी शिल्लक ठेवली नव्हती. दोन दिवस माझ्या घराचं अर्थिंग म्हणजे ती केसाएवढी शील्ड होती. ते सॉकेट मी त्याच संध्याकाळी तोडून टाकलं. लूप तोडायचा तो सिग्नलच्या वायरीत, अर्थाच्या पिनेत कधीही नाही.

मग हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोर्डावरून तीन पिनांचं एक्स्टेन्शन कॉम्प्युटरपर्यंत नेलं. घूं बरीच उतरली. उरलेलीसाठी तपकीर गल्लीतून ऑडिओचे १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणले, डाव्या-उजव्या चॅनलला एकेक. गाणं चुंबकातून पलीकडे जातं, तांब्याचा रस्ता मात्र तुटतो.

लाइट खरोखरच घाणेरडी असते ती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर. तिथे तिसरा हार्मोनिक मूळच्या एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश, म्हणजे १५० आणि २५० हर्ट्झची वरातच. लोडशेडिंगमध्ये गाणं ऐकायचं असेल तर साइन वेव्हवालाच घ्या. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, कचरा काढत नाही.

धाकटा चोर १०० हर्ट्झचा निघाला. ब्रिज रेक्टिफायर लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो म्हणून दुप्पट. रिपल म्हणजे करंट भागिले (१०० गुणिले कपॅसिटन्स). ०.२ अँपिअर आणि ४७०० मायक्रोफॅरडला सुमारे ०.४३ व्होल्ट. कपॅसिटर वाळून दशांश उरला तर सव्वाचार! बाबांचे कपॅसिटर इतके वाळले नव्हते, पण माथ्यावर फुगले होते. प्लग काढून, ते रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून, मीटरवर शून्य बघून मगच हात घातला. नवे बसवताना पोलॅरिटी तीनदा तपासली.

रात्री बाबांनी यमन पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग आवाज थोडा वाढवला.

आतून आईने विचारलं, "आता पुसू का रे ते डबडं?"