हिरवळीचे माहेर

मे २००७ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर टेनिसचा एक गमतीदार सामना झाला. जाळ्याच्या एका बाजूला हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला तांबडी माती! हिरवळीवर लागोपाठ ४८ सामने जिंकलेला रॉजर फेडरर आणि मातीवर लागोपाठ ७२ सामने जिंकलेला राफाएल नदाल समोरासमोर उभे ठाकले. बाजू बदलायची वेळ आली की दोघेही बूट बदलत. अखेर तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये नदालने बाजी मारली. सामना प्रदर्शनीय होता. पण त्यामागचा प्रश्न गंभीर होता. टेनिसमध्ये जिंकतो कोण, खेळाडू की जमीन?

विम्बल्डनचे गवत ८ मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. त्यावर चेंडू टप्पा पडताच घसरत, खालून येतो. जोरदार सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणाऱ्यांचे तिथे फावते. पॅरिसच्या रोलाँ गारोसवर विटांच्या भुकटीचा पातळ थर असतो. तिथे चेंडूचा वेग मंदावतो, तो उंच उसळतो आणि तासन् तास मागे राहून झुंजणाऱ्याच्या चिकाटीला फळ येते. पीट सॅम्प्रसने विम्बल्डन सात वेळा जिंकले. पॅरिसमध्ये मात्र त्याला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही.

डेव्हिस करंडकात तर घरच्या लढतीसाठी जमीन यजमानांनी निवडायची, असा रिवाजच आहे. भारताने वर्षानुवर्षे हिरवळ निवडली. १९६६ मध्ये तेव्हाच्या कलकत्त्यात, साउथ क्लबच्या गवतावर, रामनाथन कृष्णनने ब्राझीलच्या थॉमस कॉखविरुद्ध हातून गेलेला सामना खेचून आणला आणि भारत प्रथमच अंतिम फेरीत पोचला. १९८७ मध्ये विजय अमृतराज, रमेश कृष्णन आणि मंडळींनी दिल्लीच्या हिरवळीवर अर्जेंटिना व इस्रायलला आणि सिडनीच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियाला हरवले. अंतिम लढत स्वीडनमध्ये होती. यजमानांनी गोथेनबर्गच्या बंदिस्त स्टेडियममध्ये चक्क माती अंथरली! समोर होता फ्रेंच स्पर्धा दोनदा जिंकलेला मॅट्स विलँडर. भारत ०-५ असा हरला.

या पराभवाचे खापर मातीवर फोडणे सोपे आहे. पण मला १९९३ ची गोष्ट अधिक बोलकी वाटते. त्या वर्षी फ्रान्सने फ्रेजूस गावी मातीवर आपल्याला बोलावले. विशीतल्या लिअँडर पेसने आंरी लकाँत आणि आर्नो बोश या दोघांनाही हरवले. २-२ अशी बरोबरी झाल्यावर निर्णायक सामना रमेश कृष्णनने जिंकला. पुढची लढत घरी होती, चंडीगडच्या हिरवळीवर. तिथे ऑस्ट्रेलियाने आपल्याला ५-० असे लोळवले!

माहेरी लाड होतात, पण संसार सासरी करावा लागतो. भारतीय टेनिसचे माहेर हिरवळीचे. जगाने मात्र कधीच घर बदलले. १९७४ पर्यंत चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर होत असत. अमेरिकेने १९७५ मध्ये मातीची वाट धरली आणि १९७८ मध्ये हार्ड कोर्टची. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाही हार्ड कोर्टवर गेला. आता हिरवळ उरली ती फक्त विम्बल्डनला. आपल्या पुण्यात, बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा भरत असे, तीही हार्ड कोर्टवरच.

म्हणून मुलांना टेनिसला घालणाऱ्या आईबाबांना माझे एक सांगणे आहे. क्लबची फी, रॅकेट, बूट यांची चौकशी तुम्ही करताच. त्याबरोबर एवढेही विचारा, की इथे मुलाला किती प्रकारच्या जमिनींवर खेळायला मिळेल? मातीवर पाय घसरू देत चेंडू गाठायची सवय लहानपणीच लागलेली बरी. मोठेपणी जमीन निवडायचा हक्क दर वेळी आपल्याकडे असेलच असे नाही.