दोन नंबरवाल्यांचा शुक्रवार

फ्रेंडशिप डे, रोझ डे, चॉकलेट डे, झालंच तर साडी डे आणि मिसमॅच डे. कॉलेजच्या कॅलेंडरात ‘डे’जना काही तोटा नाही. त्यात आणखी एक कशाला, असं म्हणाल. पण हा जरा हटके आहे. डिसेंबरचा तिसरा शुक्रवार अमेरिकेत ‘अंडरडॉग डे’ असतो. त्याची सुट्टी नसते, कार्डं-गिफ्टचा बाजार नसतो आणि खरं सांगायचं तर तिकडेही बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. म्हणजे हा दिवससुद्धा अंडरडॉगच!

१९७६ साली पीटर मोलर नावाच्या गृहस्थांनी तो सुरू केला. नंबर वनच्या मागे राहून राबणाऱ्या ‘नंबर टू’ मंडळींसाठी. शेरलॉक होम्सचा डॉक्टर वॉटसन आणि रॉबिन्सन क्रूसोचा फ्रायडे ही त्यासाठी दिली जाणारी ठरलेली उदाहरणं. मला हा दिवस आवडला तो इथेच. कारण अंडरडॉग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो शेवटच्या सीनला जिंकणारा हीरो. ‘लगान’मधला भुवन वगैरे. पण तो जिंकला की! त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला अख्खं थिएटर आहे. जे शेवटपर्यंत दोन नंबरलाच राहिले, त्यांचं काय?

आपल्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये ५८९ विकेट्स. १९७२-७३ ची रणजी फायनल चेपॉकवर होती, समोर तमिळनाडूची टीम त्यांच्याच मैदानात. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ गडी घेतले, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. दोन्ही डावांत मिळून ३४ धावा आणि १३ विकेट्स! आता सांगा, भारताकडून किती टेस्ट खेळले असतील? एकही नाही. कारण त्याच काळात डावखुऱ्या फिरकीची टीममधली जागा बिशनसिंग बेदींकडे होती आणि बेदी होतेही तसेच थोर. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही हीच गत. रणजीत ६३७ विकेट्स आणि टेस्ट शून्य. यात कुणी व्हिलन नाही, हेच जास्त लागतं मनाला. २०१७ मध्ये बीसीसीआयने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्ये गेले आणि शिवलकर मार्च २०२५ मध्ये. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी शिवलकरांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्या बातमीत.

तेव्हा सेलिब्रेशनचा पहिला प्लॅन सोपा आहे. शुक्रवारी घरातल्या आजोबांना किंवा काकांना गाठा आणि विचारा, तुमच्या काळात कोण खेळायला हवं होतं पण खेळलं नाही? चहा मात्र दोन वेळा टाकावा लागेल, एका कपात हा विषय संपत नाही.

कट्ट्यावर क्विझही घेता येईल. १९८३ च्या वर्ल्ड कपच्या टीममधली चौदा नावं सांगा. कपिल, गावसकर, श्रीकांत, मोहिंदर अशी तेरापर्यंत मजल जाईल. चौदाव्याला गाडी अडते. तो सुनील वॉल्सन. त्या स्पर्धेत एकही मॅच न खेळलेला एकमेव खेळाडू आणि पुढेही भारताकडून खेळायची संधी त्याला मिळाली नाही. पण वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये तो आहेच ना!

कॉलेजातले नंबर टू शोधायला तर लांब जायलाच नको. एकांकिकेत ब्लॅकआउटमध्ये दहा सेकंदांत पलंग उचलून नेणारा, ग्रुप प्रोजेक्टची अख्खी पीपीटी रात्री जागून बनवणारी आणि प्रेझेंटेशनला मात्र मागे उभी राहून स्लाइड बदलणारी. तिच्यासाठी स्टेटसला फोटो टाकू नका प्लीज. त्यापेक्षा पुढच्या वेळी पहिल्या स्लाइडवर पहिलं नाव तिचं लिहा. आणि तिला बोलायचं असेल तर बोलू द्या. नसेलच बोलायचं तर आग्रह नको, काही जणांना मागेच बरं वाटतं.

आता जरा अवघड भाग. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये, आणि खरं तर जिल्ह्याजिल्ह्यात, एमपीएससी करणारी आपल्याच वयाची मुलं-मुली आहेत. निकाल लागला की पास झालेल्याच्या गावात फ्लेक्स लागतो, गुलाल उधळतो, ‘जिद्दीची कहाणी’ छापून येते. आपणच छापतो. त्याच रूममधला दुसरा एक-दोन मार्कांनी राहिलेला असतो. तो दिवाळीला गावी जायचं टाळतो, कारण स्टँडवर उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारणार, ‘काय झालं रे परीक्षेचं?’ अशी माझी एक मैत्रीण आहे. तिला सर्वांत जास्त राग येतो तो मोटिव्हेशनल रील्सचा. पडलेला माणूस उठून कलेक्टर होतो, तेच ते. त्यात पडलेल्या माणसाला किंमत येते ती कलेक्टर झाल्यावर, असं तिचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

म्हणून अशा मित्रासाठी शुक्रवारी एवढंच करा. त्याला रील पाठवू नका. किती मार्कांनी गेली, पुढची ॲड कधी, बी प्लॅन काय, यातलं काहीही विचारू नका. मिसळ खायला न्या, एक्स्ट्रा पाव सांगा, पिक्चरबद्दल भांडा. त्याने स्वतःहून परीक्षेचा विषय काढला तर ऐका. सल्ला द्यायचा नाही. बिल तुमचं.