कल्पना चावला : अंतराळयात्रीआधीची अभियंता
राजवाडी होळीसाठी विख्यात असलेल्या आमच्या काठी गावातील मुलींनी कल्पना चावला यांना अंतराळयात्री म्हणून जितके ओळखावे तितकेच अभियंता म्हणूनही ओळखावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कर्नाल येथे जन्मून, चंदीगडला १९८२ साली वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी आणि अमेरिकेत १९८८ साली डॉक्टरेट संपादन केल्यावर त्या नासाच्या एम्स केंद्रात रुजू झाल्या. हॅरियरसारख्या, सरळ ऊर्ध्व उठणाऱ्या विमानाचे झोत जमिनीवर आदळून भोवतालच्या हवेत जी खळबळ माजवतात, तिचे गणित त्यांनी तेथे संगणकावर मांडले. हे कार्य, माझ्या मते, त्यांच्या उड्डाणांइतकेच थोर होय. १९९७ साली त्या प्रथम अंतराळात गेल्या. दुसऱ्या सफरीत, प्रक्षेपणसमयी फोमचा तुकडा आदळून कोलंबिया यानाच्या डाव्या पंखास इजा झाली, आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना ते यान सातही यात्रींसह भंगले.