गुलामांच्या व्यापारावरील बंदी आणि गुलामगिरीचे उच्चाटन : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गुलामगिरीविरोधी चळवळ शिकविताना 'गुलामांच्या व्यापारावरील बंदी' आणि 'गुलामगिरीचे उच्चाटन' या दोन बाबी पुष्कळदा एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. हा भेद महाराष्ट्राच्या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्लंडमधील चळवळ

इ.स. १७८७ मध्ये लंडन येथे गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी संस्था स्थापन झाली. तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर पंथाचे होते. टॉमस क्लार्कसन यांनी पुरावे जमविले, तर विल्यम विल्बरफोर्स यांनी हा प्रश्न पार्लमेंटमध्ये लावून धरला. प्रथम केवळ व्यापार थांबवावा, म्हणजे प्रथा आपोआप क्षीण होईल, असे या संस्थेचे धोरण होते. त्यानुसार १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला. मळ्यांवरील गुलाम मात्र गुलामच राहिले. त्यांच्या मुक्तीचा कायदा १८३३ मध्ये झाला. त्यात मालकांना २ कोटी पौंड भरपाई देण्यात आली, गुलामांना काहीच मिळाले नाही. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळण्यात आला.

महाराष्ट्रातील स्थिती

लंडनच्या या संस्थेपूर्वी ११० वर्षे, म्हणजे १६७७ मध्ये, दक्षिणेच्या मोहिमेवर असताना छत्रपती शिवाजी महाराजांनी डच कंपनीला दिलेल्या कौलात आपल्या अमलातील प्रदेशात स्त्री-पुरुष गुलामांची खरेदी करण्यास मनाई केली होती. परकीय व्यापाऱ्यांना घातलेला हा निर्बंध निश्चितच महत्त्वाचा होय. तथापि देशांतर्गत दास्य त्यानंतरही टिकून राहिले. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. घरकामाबरोबरच सरकारी कोठ्या व किल्ले येथेही त्यांना राबविले जाई. बदकर्माच्या आरोपावरून काही स्त्रियांना सरकारच कुणबीण करीत असे. समुद्रावरील व्यापार बंद झाल्याने या स्त्रियांच्या स्थितीत फरक पडण्याचे कारण नव्हते.

१८४३ चा कायदा

कंपनीच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने या प्रश्नाला हात घातला. त्याने गुलामांना मुक्त घोषित केले नाही. केवळ गुलामीवर आधारलेला हक्क न्यायालयात अमान्य ठरविला. डिक्री किंवा सरकारी देणे वसूल करण्यासाठी कोणाही व्यक्तीस गुलाम म्हणून विकता येणार नाही, तसेच कोणी गुलाम आहे या कारणास्तव त्याची मिळकत हिरावता येणार नाही, असे त्यात नमूद होते. मात्र गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरला नाही. ज्या कुणबिणीस कोर्टाची पायरी ठाऊक नव्हती, तिला या कायद्याचा उपयोग तो किती होणार? आपला वऱ्हाड तर त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तो १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे १८६० च्या दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री शिक्षापात्र ठरविली व ती संहिता १८६२ पासून अमलात आली.

महात्मा फुले यांचा विचार

कायद्याने खरेदी-विक्री थांबली, तरी जन्माधिष्ठित दास्य कायम होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. मनुष्य बाजारात विकला जात नसला तरी तो गुलाम असू शकतो, हा या ग्रंथाचा मूलगामी विचार होय. यामुळे 'गुलामगिरी' या शब्दाची व्याप्तीच बदलली.

समारोप

व्यापार बंद करणे, हक्क अमान्य करणे, गुन्हा ठरविणे आणि मनुष्याला प्रत्यक्ष स्वतंत्र करणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केल्यानंतरही १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून शेवटची पायरी किती अवघड आहे याची कल्पना येते. म्हणून कोणत्याही मुक्तीच्या कायद्याचे मूल्यमापन करताना, राबणाऱ्या व्यक्तीस ते काम सोडून जाता येते काय, हा प्रश्न अभ्यासकांनी प्रथम विचारावयास हवा.