गाडीच्या अंतर्भागाला रबरी लेप

बोदवडसारख्या कापसाच्या बाजारपेठेत व्यापाऱ्याची गाडी बहुधा दिवसभर उन्हात उभी असते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीतील डॅशबोर्ड त्याहूनही अधिक तापतो. त्यामुळे इंजिन उत्तम असूनही आतील प्लॅस्टिक विटते, चिकट होते. असे भाग बदलण्यापूर्वी सोलून काढता येणाऱ्या रबरी लेपाचा विचार अवश्य करावा. अमेरिकेतील ‘प्लास्टी डिप’ हे त्यातील परिचित नाव. मुळात हा लेप हत्यारांच्या मुठींसाठी होता.

यश फवाऱ्यापेक्षा पूर्वतयारीवर अवलंबून असते. कन्सोल किंवा एसीच्या जाळीची चौकट सोडवून बाहेर काढावी. चिकट झालेला जुना थर आणि पॉलिशमधील सिलिकॉन राहिले, तर लेप धरत नाही. म्हणून भाग साबणाने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पंधरा-वीस सेंटीमीटरवरून चार-पाच पातळ थर द्यावेत. दोन थरांमध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. एकूण लेप विरळ राहिल्यास पुढे सोलताना तुकडे पडतात. मास्किंग टेप शेवटचा थर ओला असतानाच काढावी.

फवाऱ्यातील द्रावक ज्वालाग्राही असते. काम मोकळ्या हवेत, मास्क लावून करावे. कापसाच्या गोदामाजवळ मुळीच नको. एअरबॅगच्या झाकणावर लेप कदापि देऊ नये; अपघातात ते ठरलेल्या रेषेवरच उघडावे लागते. सतत हात लागणाऱ्या कडांवरील लेप लवकर सुटतो, हेही ध्यानात ठेवावे.

काम बिघडले, तर लेप सोलून पुन्हा आरंभ करता येतो आणि मूळ भाग शाबूत राहतो. नव्या भागाचा खर्च करण्यापूर्वी एवढी संधी जुन्याला द्यायला हरकत नाही.