अयशस्वी सिस्टिम कॉल आणि त्यांचे निवेदन

वसई तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसईचा समावेश त्यात झाला. आता अशी कल्पना करावी की, वसईच्या किनाऱ्यावरील वाऱ्याच्या दैनंदिन नोंदी वाचणारा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम लिनक्सवर चालत आहे. नोंदी ‘ठाणे/वसई/वाऱ्याची-नोंद’ या फाइलीत आहेत, आणि जिल्हाविभाजनानंतर कोणी तरी ‘वसई’ ही डिरेक्टरी उचलून ‘पालघर’ या डिरेक्टरीत नेली आहे. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम ‘फाइल उघडता आली नाही’ एवढेच सांगून थांबतो. हे विधान असत्य नव्हे. तथापि कोणती फाइल, कोठे शोधली आणि ती का मिळाली नाही, यांपैकी कशाचाही बोध त्यातून होत नाही.

हा दोष कोठे उद्भवतो हे पाहण्यासाठी सिस्टिम कॉल अयशस्वी होतो तेव्हा काय घडते ते ध्यानात घेतले पाहिजे. फाइल उघडण्याची विनंती कर्नलने नाकारली की प्रोग्रामच्या हाती उणे एक हे मूल्य येते, आणि नकाराचे कारण दर्शविणारा एक अंक ‘एर्नो’ या चलात ठेवला जातो. वरील उदाहरणात तो अंक २ असेल. कर्नलकडून मिळणारी माहिती एवढीच. नाव कोठून आले, फाइल कशासाठी हवी होती, हे कर्नलला ठाऊक नसते. उलट नकाराचे कारण प्रोग्रामला स्वतः ठरविता येत नाही. हे दोन तुकडे एकत्र आणता येतात ते केवळ अपयशाच्या क्षणी आणि केवळ प्रोग्राममध्येच. तो क्षण गेला की पुढील सर्व अनुमानधपकाच होय.

पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली ‘पेरर’ या फंक्शनला ‘ओपन’ हा शब्द देण्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे. तिच्यातून ‘ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे वाक्य निघते. फाइलीचे नाव, म्हणजे शोधकर्त्यास सर्वांत आधी हवी असलेली गोष्ट, त्यात नसतेच. बरे, नाव दिले तरी काम पुरे होत नाही. मार्गात तीन घटक आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक नसला तरी अंक २ हाच येतो. अंक १३, म्हणजे परवानगी नाकारली जाणे, याहून फसवा आहे. फाइल वाचण्याची मुभा असूनही वरच्या एखाद्या डिरेक्टरीतून पलीकडे जाण्याची मुभा नसेल तर हाच अंक मिळतो, आणि विद्यार्थी मात्र फाइलीचीच परवानगी पुनःपुन्हा बदलत बसतो. पीटर मिलर या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने रचलेली ‘लिबएक्स्प्लेन’ ही लायब्ररी अपयशानंतर मार्ग घटकशः तपासते आणि नेमका कोणता घटक अडला ते सांगते. ही तपासणी अपयशानंतरची आहे, तेवढ्या वेळात परिस्थिती पालटलेली असू शकते, ही मर्यादा मात्र विसरू नये.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ‘वाऱ्याची’ या शब्दातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र ऱ व हलन्तचिन्ह, किंवा साधा र, हलन्तचिन्ह व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ मध्ये मात्र पहिल्या रीतीने ‘वाऱ्याची-नोंद’ या नावाचे ३७ बाइट होतात, दुसऱ्या रीतीने ४०. लिनक्सवरील फाइलव्यवस्था सामान्यतः नावांची तुलना बाइटशः करतात. त्यामुळे एका कीबोर्डवरून ठेवलेली फाइल दुसऱ्या कीबोर्डवरून टंकित केलेल्या त्याच नावाने सापडत नाही. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. अशा वेळी नाव छापणारा संदेशसुद्धा वाचणाऱ्यास चकवितो, कारण डोळ्यांसमोर फाइल दिसत असते आणि संदेश ती नाही म्हणतो. यास्तव नाव अवतरणचिन्हांत द्यावे, म्हणजे शेवटी राहून गेलेली रिकामी जागा किंवा ओळ बदलण्याचे चिन्ह तरी उघडे पडेल. आणि नावात देवनागरी असेल तर त्याची बाइटसंख्याही द्यावी. बाइटसंख्येचा दुसराही उपयोग आहे. लिनक्सच्या बहुतेक फाइलव्यवस्थांत एका नावास २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने ८५ चिन्हांतच ती संपते. काना, मात्रा व अनुस्वार ही चिन्हेही यात मोजली जातात. कार्यालयीन पत्राच्या विषयाचेच नाव फाइलीस देणाऱ्यांस ही मर्यादा लवकरच भेटते.

एर्नो हे चल जपून वापरावे लागते. यशस्वी झालेले फंक्शन ते शून्य करीलच असे नाही, उलट दुसरा अंकही त्यात ठेवू शकते. जुन्या युनिक्सवर याचा एक मजेदार परिणाम दिसे. छपाईचे फंक्शन प्रथम लिहिताना समोर टर्मिनल आहे काय ते तपासून पाही. फाइल असल्यास ही तपासणी एर्नोमध्ये २५ हा अंक मागे ठेवी. ज्याने आधी काही छापले व नंतर एर्नो वाचला, त्यास फाइल न उघडण्याचे कारण ‘नॉट अ टाइपरायटर’ असे कळे! टाइपरायटर म्हणजे त्या काळचे टेलिटाइप टर्मिनल, हे ठाऊक नसलेल्या वापरकर्त्याची अवस्था कल्पिता येईल. म्हणून कॉल अयशस्वी होताच, अन्य काहीही करण्यापूर्वी, तो अंक एका स्थानिक चलात उतरवून घ्यावा.

अंकाचे वाक्यात रूपांतर ‘स्ट्रएरर’ करते, परंतु ते वाक्य निवडलेल्या लोकेलवर अवलंबून असते. म्हणून त्या वाक्याशी तुलना करून प्रोग्रामने निर्णय घेणे सर्वथा अयोग्य. अंकही सर्वत्र समान नसतात : नाव फार लांब असल्याचा अंक लिनक्सवर सामान्यतः ३६, तर मॅकओएसवर ६३ आहे. समान राहते ते सांकेतिक नाव. ग्नू सी लायब्ररीच्या २०२० मधील २.३२ या आवृत्तीपासून ते नाव देणारे स्वतंत्र फंक्शन उपलब्ध आहे. वापरकर्त्यासाठी त्याच्या भाषेतील वाक्य आणि नोंदवहीसाठी सांकेतिक नाव, अशी दोन्ही द्यावीत. वसईच्या उदाहरणात या दोहोंसह ‘ठाणे’ने सुरू होणारा मार्ग छापला गेला असता, तर तो वाचताच दोष कोठे आहे ते उमगले असते.